डी कमी होतं, पण दुखणं त्याचं नव्हतं

परवा रात्री आमच्या सोसायटीतल्या एका मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवला, व्हिटॅमिन डी १४, आणि खाली लिहिलेलं, "बघा ना ताई, हेच होतं, उगाच घाबरले, आता पुड्या सुरू केल्यात." मला ते वाचून झोपच लागली नाही. कारण २०२२ मध्ये मी माझ्या बहिणीला जवळपास हाच मेसेज पाठवलेला, आणि त्यानंतरचे सात महिने माझे गेले ते गेलेच. म्हणून आज सगळं लिहूनच काढते.

जुलै होता, बाहेर मस्त पाऊस लागलेला, सकाळी सहाला दुधाचं पातेलं उतरवायला सांडशी धरली आणि ती निसटलीच हातातून, म्हणजे बोटं वळलीच नाहीत. दूध ओट्यावरून खाली, आणि मी तशीच उभी, कारण पुसायला फडकं पिळायचं तर तेही होईना. नऊ-साडेनऊपर्यंत हात सैल झाले, पोळ्याबिळ्या सगळं केलं, म्हटलं झोपेत हात अंगाखाली आला असेल. दुसऱ्या दिवशी परत तेच, तिसऱ्या दिवशी परत. सासूबाई म्हणाल्या, "अगं वात आहे तो, पावसाळ्यात व्हायचंच, एरंडेल घे." मी ते पण घेतलं दोन दिवस.

आता आमच्या बडोद्यात हल्ली कोणाचं काहीही दुखलं की तीन रिपोर्ट ठरलेले, डी, बी ट्वेल्व आणि थायरॉइड. माझं डी आलं ११, शेजारी लाल बाण. आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं हो, दुखण्याला नाव मिळालं, औषध मिळालं, तेही आठवड्याला एक पुडी. ६०,००० युनिटची ती दाणेदार भुकटी, रविवारी जेवण झालं की कोमट दुधात ढवळायची, ग्लासच्या कडेला कणी चिकटून राहायची तर मी बोटाने पुसून खायची, वाया जायला नको म्हणून. आठ रविवार केलं.

सप्टेंबरात डी आलं ३८. छान ना? आणि दुखणं मात्र दुप्पट. बांगड्या चढेनात, सकाळी पाय जमिनीला टेकवला की बारीक खड्यांवर चालल्यासारखं, आणि नवरात्र आलं. बडोद्यात राहून नवरात्रात खुर्चीवर बसून राहणं म्हणजे काय ते बडोदेकरच समजू शकेल, आणि मी बसले होते कारण मला टाळी वाजवता येत नव्हती. पाय कसेबसे चालले असते, पण टाळी नाही. तेव्हाच मी विचारायला हवं होतं की बाबा, डी तर भरलं, मग हे काय आहे. विचारलं नाही असंही नाही, विचारलं, पण उत्तर आलं "वर आलंय ना, आता हळूहळू दुखणं पण जाईल, अजून वेळ द्या". मग अजून एक मोठ्या डोसचं इंजेक्शन सुचवलं गेलं, ते पण घेतलं. दिवाळी गेली, उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, तीही गेली.

फेब्रुवारीत शेवटी माझ्या भावाने हट्टाने ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे सांध्यांच्या आजारांच्या डॉक्टरकडे नेलं. त्या मॅडमनी रिपोर्टची फाइल बाजूलाच ठेवली. माझा पंजा हातात घेतला आणि बोटं जिथे तळहाताला मिळतात ना, त्या चार सांध्यांची ओळ दोन्ही बाजूंनी हलकेच दाबली, जसं आपण हस्तांदोलन करतो तितकंच, आणि मी ओरडले. मग एकेक सांधा अंगठ्याने चाचपत गेल्या, मऊ लागतंय का, सूज आहे का, आणि विचारलं, "सकाळी किती वेळ आखडलेलं असतं?" मी म्हटलं तीन तास. सात महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी हे विचारलं होतं. मग रक्ताच्या तपासण्या झाल्या, अँटी सीसीपी भरपूर पॉझिटिव्ह, आरए फॅक्टर पॉझिटिव्ह, अंगातली सूज दाखवणारं सीआरपी वर. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आरए. आपल्याकडे जुने वैद्य आमवात म्हणतात तो साधारण हाच. एक्स-रेमध्ये उजव्या पायाच्या करंगळीच्या सांध्याशी हाडाला छोटासा खड्डा पडलेला दिसला. तो आता भरून येत नाही. या आजारात पहिले काही महिने फार मोलाचे असतात, तेव्हा औषध सुरू झालं तर सांधे वाचायची शक्यता खूप जास्त असते, आणि माझे ते महिने पुड्यांत गेले.

तर मी जे जे शिकले ते सांगते, मी डॉक्टर नाही, पण तीन वर्षं दर व्हिजिटला मॅडमना प्रश्न विचारून विचारून भंडावलंय.

डी कमी असलं तर दुखतं, हे खरंच आहे. खूप कमी असेल तर हाडं मऊ पडतात, मांड्या आणि खांदे कमजोर होतात, जिना चढताना कठडा धरावा लागतो, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, नडगीचं हाड दाबलं तर दुखतं. ते दुखणं हाडांचं आणि स्नायूंचं. सांधा सुजणं, गरम होणं, सकाळी तासन्‌तास आखडून राहणं आणि हालचाल केल्यावर सैल होणं, हे डीचं काम नव्हे. हा फरक मला जुलैत कोणी सांगितला असता तर! आणि गोंधळ असा होतो की आपल्या देशात डी कमी सापडणं इतकं कॉमन आहे की ज्याचं तपासाल त्याचं कमी निघेल. म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी असू शकतात, डी पण कमी आणि आरए पण, एक सापडली म्हणून दुसरी शोधायची थांबवायची नाही, एवढंच कळायला मला इतका वेळ लागला.

मग डीचा आणि या आजारांचा काहीच संबंध नाही का? तर आहे, आणि तो भारी इंटरेस्टिंग आहे. डीला आपण व्हिटॅमिन म्हणतो पण वागणं त्याचं हार्मोनसारखं. ऊन लागलं की कातडीत ते तयार होतं, मग लिव्हरमध्ये त्याचं एक रूप होतं, रिपोर्टमध्ये मोजतात ते हे, आणि मग किडनीत शेवटचं, खरं कामाचं रूप. पूर्वी समजूत अशी होती की याचं काम कॅल्शियम आणि हाडं, संपलं. पण मग सापडलं की आपल्या रोगप्रतिकारक पेशींवर, टी पेशी, बी पेशी, मॅक्रोफेज, सगळ्यांवर डीचा रिसेप्टर, म्हणजे डी पकडणारी जागा आहे, आणि यातल्या काही पेशी तर किडनीची वाट न बघता ते शेवटचं रूप स्वतःच बनवतात. ज्या पेशींना डीशी काही घेणंदेणं नाही त्या कशाला एवढी खटपट करतील? प्रयोगशाळेत बघितलं तर डी मिळालं की भडकवणाऱ्या टी पेशी, ज्यांना टीएच वन आणि टीएच सेव्हन्टीन म्हणतात, त्या जरा नमतात आणि शांत करणाऱ्या, रेग्युलेटरी टी पेशी, त्यांचं बळ वाढतं. आरए काय, ल्युपस काय, सगळे आपल्याच शरीरावर उलटलेले आजार, त्यामुळे लोकांना आशा वाटली यात नवल नाही.

आता माणसांवर काय दिसलं. यातला सगळ्यात मोठा अभ्यास अमेरिकेतला, व्हायटल नावाचा, २५,८७१ लोक, पुरुष पन्नाशीच्या पुढचे आणि बायका पंचावन्नच्या पुढच्या, निम्म्यांना रोज २,००० युनिट डी आणि निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी, पाच वर्षांच्या वर. २०२२च्या जानेवारीत निकाल छापून आला की डीवाल्यांमध्ये नवीन ऑटोइम्यून, म्हणजे असे आपल्याच शरीरावर उलटणारे आजार २२ टक्क्यांनी कमी झाले. हा २२चा आकडा तेव्हा सगळीकडे फिरत होता, आमच्या फॅमिली ग्रुपवर तर तीनदा आला. पण त्यामागची मोजणी बघा, एका बाजूला १२३ लोकांना आजार झाला आणि दुसऱ्या बाजूला १५५ लोकांना. म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण तेरा हजार माणसं, पाच वर्षं, आणि फरक ३२ जणांचा. मी हे कमी लेखत नाहीये, ज्या ३२ जणांचे सांधे किंवा थायरॉइड वाचले त्यांना विचारा. पण ही गोष्ट आजार व्हायच्या आधीची आहे. ज्यांना झालाय त्यांचा बरा झाला असं त्यात कुठेच नाही. आणि गोळ्या बंद केल्यानंतरही त्या लोकांवर लक्ष ठेवलं होतं, तर डीचा तो फायदा ओसरला.

ज्यांना आधीच आरए आहे त्यांच्यात डी देऊन बघितल्याचे अभ्यास बहुतेक छोटे छोटे आहेत, कुठे दुखणं थोडं कमी, कुठे काहीच फरक नाही. ज्यांचा आजार जास्त भडकलेला त्यांचं डी जास्त कमी असतं हे मात्र पुष्कळदा दिसलंय, आणि इथेच मला मॅडमनी एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यात पक्की बसली. अंगात सूज असली की रक्तातली डीची पातळी त्या सुजेमुळेच खाली येऊ शकते. म्हणजे आपण म्हणतो डी कमी म्हणून आजार, आणि कधीकधी असतं उलटं, आजार म्हणून डी कमी. त्यात दुखतंय म्हणून माणूस घराबाहेर पडत नाही, ऊन मिळत नाही, अजून कमी. माझे ते ११ यातलं कुठलं होतं कोणास ठाऊक, बहुतेक दोन्ही.

तरी मी डी घेते. नियमित घेते, आणि याचं कारण साधं आहे, हाडं. आरएमुळेच हाडं ठिसूळ होतात, त्यात सुरुवातीचे काही महिने मला प्रेडनिसोलोन होतं, स्टिरॉइड हाडं अजून पोखरतं, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं. तिथे डी लागतंच, यावर कुणाचं दुमत नाही. पण माझी बोटं सोडवली ती आरएच्या औषधाने, मेथोट्रेक्सेटने, पुडीने नाही.

आता माझ्या मामेबहिणीचं सांगते, कारण सगळ्यांना सरसकट "उन्हात बस" सांगणाऱ्यांनी हे वाचायलाच हवं. तिचं माहेर दांडिया बाजारात, आणि उत्तरायणाला तिथल्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर काय असतं ते सांगायला नको, सकाळपासून वर, उंधियू, जिलबी, चिक्की सगळं वरच, आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण धरून दोन दिवस पूर्ण उन्हात. त्या वर्षी तिसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही गालांवर आणि नाकावर लालभडक चट्टा आला, ताप, गुडघे धरले. घरच्यांना वाटलं ऊन बाधलं. पुढे लघवीतून प्रोटीन जायला लागलं तेव्हा कळलं ल्युपस आहे, आणि किडनीला लागलाय. तिचं डी होतं ९.

ल्युपसमध्ये ऊन हेच आजार भडकवतं. म्हणजे ज्याने डी मिळतं तेच तिला चालत नाही, पूर्ण बाह्या, टोपी, सनस्क्रीन, सावली. त्यात किडनी आजारी, जिथे डीचं शेवटचं रूप बनतं. त्यात स्टिरॉइड. तिचं डी कमी नसतं तरच नवल. तिला डी तोंडातूनच घ्यावं लागतं, डॉक्टर रक्तातलं कॅल्शियम बघून डोस ठरवतात. आणि एवढं असताना आमच्याच एका नातेवाइकांनी तिला मेसेज पाठवला की ल्युपस प्रकाशाने बरा होतो, त्यासाठी नोबेल मिळालंय. मी शोधून काढलं, नोबेल खरंच मिळालंय, १९०३ साली, डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना, पण तो आजार ल्युपस व्हल्गारिस, म्हणजे कातडीचा टीबी! नुसतं नाव सारखं, आजार पूर्ण वेगळा. तिने तो मेसेज खरा मानून गच्चीत तास-तास बसायला सुरुवात केली असती तर, या विचाराने मला अजून धडधडतं. कृपा करून असे मेसेज पुढे ढकलू नका.

ज्यांना ऊन चालतं त्यांच्यासाठी पण थोडं. आपण लहानपणापासून ऐकतो सकाळचं कोवळं ऊन घ्या. ते बरं वाटतं, कमाटीबागेत सकाळी सातला चक्कर मारली की दिवस छान जातो, सगळं मान्य, पण डी त्यातून जवळपास मिळत नाही. डी बनायला उन्हातले यूव्हीबी, म्हणजे एक प्रकारचे अतिनील किरण लागतात आणि सूर्य खाली असताना ते हवेतच अडतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हाचं ऊन कामाचं, म्हणजे अकरा ते दोन-तीन. आता बडोदं कर्कवृत्ताच्या जरासंच खाली, मे महिन्यात दुपारी बाराला बाहेर उभं राहून दाखवा! म्हणजे जे ऊन सोसतं त्यात डी नाही आणि ज्यात डी आहे ते सोसत नाही. हिवाळ्यात जमतं. आपली कातडी सावळी, तिला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. आणि काचेतून यूव्हीबी येत नाही. आमच्या कारेलीबागच्या फ्लॅटला गॅलरी काचेने बंद केलेली आहे, सासूबाई थंडीभर तिथे खुर्ची टाकून गुडघे शेकत बसायच्या, ऊब मिळायची, डी शून्य. सांगितल्यावर त्या आता खाली बाकावर जाऊन बसतात.

अजून एक, आणि हे सगळ्यात काळजीचं. ६०,०००ची पुडी आठवड्याला असते. आमच्या ओळखीचे एक काका, त्यांनी ती रोज घेतली, कुणी नीट सांगितलं नाही आणि पाकिटावरची बारीक अक्षरं दिसली नाहीत, दोन-अडीच महिने रोज. उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, बोलणं गोंधळलेलं, ॲडमिट केलं तर कॅल्शियम वर आणि क्रिएटिनिन पण वर, म्हणजे किडनीवर ताण. डी पाण्यात विरघळून बाहेर पडणारं व्हिटॅमिन नाही, ते चरबीत साठतं, औषध थांबवलं तरी उतरायला महिने लागतात. जास्त म्हणजे चांगलं असं इथे नाहीच. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या बायकांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट देऊन बघितलं होतं, २०१०मध्ये निकाल आला, पडणं आणि हाड मोडणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. मी ते मोठं इंजेक्शन डोळे मिटून घेतलं होतं, आता घेणार नाही.

आणि आरएवाल्यांच्या घरात तर आठवड्याची दोन औषधं असतात, डी आणि मेथोट्रेक्सेट. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं, रक्तातल्या पेशी उतरतात, तोंड आतून सोलवटतं. माझ्याकडे मेथोट्रेक्सेटच्या डबीवर काळ्या मार्करने मोठ्ठं "फक्त बुधवार" लिहिलंय, डीच्या डबीवर "रविवार", फॉलिक ॲसिडची डबी वेगळ्या कप्प्यात, आणि गोळी घेतली की कॅलेंडरवर त्या तारखेला नवरा टिक करतो, मी नाही, मुद्दाम दोन माणसं. तुमच्या घरी कोणी म्हातारं माणूस ही गोळी घेत असेल तर आज, वाचून झालं की लगेच, त्यांची डबी उघडून बघा.

खाण्यातून किती मिळतं असं सगळे विचारतात. फार नाही. तेलकट मासे, अंड्याचा पिवळा बलक, आणि ज्या दुधाच्या पिशवीवर निळं प्लस एफचं चिन्ह असतं त्यात थोडं घातलेलं असतं. ११ वरून ३० वर न्यायला ते पुरत नाही.

किती असावं यावरही डॉक्टरांचं एकमत नाही, २०च्या खाली म्हणजे कमी यावर बहुतेक सगळे, ३० हवंच का यावर वाद. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०११ मध्ये ३० म्हटलं होतं आणि २०२४ मध्ये स्वतःच तो आकडा सोडला, धडधाकट माणसाने उगाच डी तपासत बसू नये असंही सांगितलं. माझं सध्या ३४ आहे, मॅडम म्हणाल्या ठीक आहे, याच्या मागे धावू नको, सीआरपी बघ, सांधे बघ.

तर त्या मैत्रिणीला मी रात्री साडेअकराला फोन केला. पुड्या चालू ठेव म्हटलं, त्याचं काही नाही, पण सांग, सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात? ती म्हणाली, "दहा वाजेपर्यंत तर टिफिन मिस्टरच भरतात." म्हटलं, आता कॅमेरा सुरू कर आणि मूठ वळवून दाखव. तिची मूठ पूर्ण मिटली नाही, तर्जनी आणि मधलं बोट वरच राहिलं, आणि मागच्या सांध्यांमधल्या खळग्या भरून आलेल्या होत्या, माझ्या होत्या तशाच. गुरुवारी साडेचारची अपॉइंटमेंट मिळालीये, मी तिच्याबरोबर जातेय.